काळा काढा

३ मार्च

कारखान्याला कुलूप लागलं तरी माझं बूड काही एका जागी टेकत नाही. सकाळी उठतो, बूट चढवतो, दारापर्यंत जातो आणि मग आठवतं. ही स्वयंपाकघरातून बघत असते. बोलत नाही, नुसती बघते. त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं.

जन्मभर कातडी कमावली. झाडांच्या सालीचे हौद माझ्या ताब्यात होते. रोज संध्याकाळी हौदांची नोंद करायची: पाणी किती तुरट झालं, कातडं कितपत मुरलं, काय वर काढायचं, काय ठेवायचं. आता हौद नाहीत, पण संध्याकाळ झाली की बोटं वळवळतात. म्हणून ही वही.

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बरेच महिने हिची पाळी आली की थांबतच नाही, रक्त फार जातं. मला हे कधी कळलं? जिन्यात घेरी येऊन मटकन बसली तेव्हा! तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली. गाठ साधी आहे, भिण्यासारखी नाही, पण काढायला हवी. ठेवली तर रक्त जातच राहणार. आणि अंगात रक्त इतकं कमी, की बाई म्हणाल्या, "अशा अवस्थेत मी यांना टेबलावर घेणार नाही. हिमोग्लोबिन साडेआठ आहे. निदान दहाच्या वर आणा, मग तारीख देते." लोहाच्या गोळ्या दिल्या. बस्स, एवढंच. मी हौदात दगडासारखं कातडं मऊ केलंय, हे रक्त काय मोठंसं!

संध्याकाळी मेहुणा येऊन गेला. म्हणाला, "भावजी, थोरल्या ताईचंही असंच साधं ऑपरेशन होतं, नाही का?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं. बारा वर्षं झाली त्या गोष्टीला. आजारी माणसासमोर काय बोलावं याची काही पोच? ही मात्र भाजी निवडत होती. सगळी भाजी निवडून झाली तरी निवडतच होती.

८ मार्च

कारखान्यातून निघताना मालकानं सांगितलं होतं, काय हवं ते न्या. लोकांनी खुर्च्या नेल्या, मी सालीची पोती आणली. कातड्यासाठी वापरायची ती तुरट मायफळं आणली, डाळिंबाच्या सालींचं एक पोतं आणलं. सगळं मागच्या खोलीत रचलंय. तिथं हिचं शिवणाचं मशीन होतं, ते आता पोत्यांच्या मागे गेलंय. ही म्हणाली, "कातडं कुठाय पण? का मलाच भिजवणार आहात?" हसलो.

पण डोक्यात चक्र सुरू झालंय. सालीत असतं ते टॅनिन. कारखान्याचा केमिस्ट नेहमी सांगायचा, की कातड्यात जे मऊ, ओलं, सडणारं, त्याला टॅनिन धरतं आणि आवळून घट्ट करतं. मग माणसाची हिरडी काय वेगळी आहे? घसा? तोंड आलेलं असतं ते? कच्चं कातडंच की! हौदावर आम्ही सगळे तोंड आलं की त्याच पाण्यानं चुळा भरायचो. मायफळ आणि डाळिंबाची साल कुटून मी आज पूड केली, उकळली, गाळली. चूळ भरली तर तोंड असं आक्रसलं की मला शिट्टीसुद्धा वाजवता येईना. वा!

११ मार्च

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं तोंड आलं होतं, गिऱ्हाइकांशी बोलता येत नव्हतं. न्हावी आणि बोलत नाही, म्हणजे दुकान बंदच समजा. त्याला बाटली दिली. आज गेलो तर माझी अर्धी दाढी होईपर्यंत त्यानं तीन घरांची भांडणं सांगितली. आणखी दोन बाटल्या मागितल्यान, मित्रासाठी. मी म्हटलं, आता धंदा उभा राहतो की नाही बघाच.

घरी आलो तर हिचं पोट बिघडलेलं. गोळ्या सोसत नाहीत. सारखी आत-बाहेर, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, थांब. सैल पोट म्हणजे तरी काय? आतलं कातडं ओलं पडलंय. अर्धा कप काढा पाजला. तोंड वाकडं केलंन, पण प्यायली.

१३ मार्च

पोट सावरलं! मी उगाच बढाया मारत नाही, स्वतः हिनंच सांगितलं.

आणि आज एक फारच भारी गोष्ट झाली. ही म्हणाली, गोळी घशात अडकते, कुटून द्या. मी कुटली आणि चुकून पाण्याऐवजी काढ्याच्या कपात टाकली. बघतो तर काढा काळाभोर! मला कारखानाच आठवला. सालीनं कमावलेल्या कातड्यावर आम्ही गंजलेल्या लोखंडाचं पाणी फिरवायचो. तपकिरी कातडं डोळ्यांदेखत काळं व्हायचं, आणि तो काळा असा की धुवा, घासा, उन्हात टाका, जायचा नाही. पक्का. लोखंड आणि साल एकमेकांना धरून बसतात. म्हणजे गोळीतलं लोह काढ्यानं धरलं, आता ते पोटातून असं तसं वाहून जाणार नाही. मुरणार! आजपासून गोळी काढ्यातच. आधी मुरवायची, काळी झाली की प्यायची.

हिला समजावून सांगितलं. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बरं. तुम्हीच करून देत जा रोज." इतक्या लगेच ही माझं कधी ऐकत नाही. मला जरा भरूनच आलं.

२९ मार्च

लिहायला वेळ नाही. न्हाव्याच्या दुकानात बाटल्या ठेवल्यात. एका बाईंच्या हिरड्यांतून रक्त यायचं, थांबलं. एक जण भाजलेल्या हाताला लावू का म्हणून विचारायला आला, त्याला मी सरळ दवाखान्यात पाठवलं. सगळीकडे आपणच हात घालायचा नसतो, एवढी अक्कल आहे मला.

ही दुपारची झोपते हल्ली. बसल्या जागी पेंगते. आणि नवीन खूळ म्हणजे बर्फ. फ्रिज उघडायचा, बर्फाचा खडा काढायचा आणि कडाकडा चावायचा. मला दात शिवशिवल्यासारखं होतं. म्हटलं, लहान आहेस का? तर म्हणे, बरं वाटतं. रंग मात्र उजळलाय. मी थट्टेनं म्हटलं, "लग्नात इतकी गोरी नव्हतीस." हसली. ओठसुद्धा फिके झालेत, तेवढं जरा खटकतं.

४ एप्रिल

रक्त तपासलं. आठ. वाढायचं सोडून उतरलं! माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, गोळ्या वाढवल्या, रक्त कमी जावं म्हणून आणखी एक गोळी दिली. ऑपरेशनची तारीख काही दिली नाही.

मी बाईंना काढ्याचं सांगणार होतो, म्हणजे अभिमानानंच. पण बाहेर बसलो होतो तेव्हा हिनं माझी बाही ओढली होती. "काढ्याचं बोलू नका हं. उगाच तुम्हाला काहीतरी बोलतील, मला नाही आवडणार." माझ्या मानाची किती काळजी! मी गप्प बसलो.

येताना मी काळजीनं अर्धा झालो होतो आणि हिचं मात्र उलटंच. दम लागत होता, दर चार पावलांवर थांबत होती, पण गुणगुणत होती. वाटेत थांबून केळी घेतली, तिथंच उभ्यानं दोन खाल्ली. घरी येऊन पोटभर जेवली, कितीतरी दिवसांनी. बहुतेक काढ्यानं भूक लागायला लागली. मी काढा आता दोनदा करणार आहे.

१२ एप्रिल

मेडिकलवाल्याशी भांडलो. सरळ विचारलं, "गोळ्या लोहाच्या आहेत की खडूच्या?" दुकानात गर्दी होती, सगळे बघायला लागले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, गोळ्या चांगल्या आहेत. कशा घ्यायच्या ते मी काकूंना पहिल्याच दिवशी नीट सांगितलंय." मी म्हटलं, "नीटच घेते ती. माझ्या डोळ्यांसमोर घेते!" तो काहीतरी बोलणार होता, पण मी तिथं थांबलोच नाही. मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "कशाला गेलात तुम्ही तिथं?" आवाज चढला होता. मग लगेच मऊ झाली. "जाऊ दे. काढा झाला का?"

२५ एप्रिल

ही जिना चढताना मधल्या पायरीवर बसते. मी खाली-वर करतो, पाणी आणतो, वारा घालतो, परत खाली जातो. ती म्हणते, "तुमच्याकडे बघूनच मला दम लागतो." चुळांच्या बाटल्यांची मागणी वाढली आहे आणि मला त्यात काडीचा रस उरलेला नाही. दुसऱ्यांच्या हिरड्या घट्ट करून काय करू? घरचं माणूस विरघळत चाललंय.

काढा आणखी दाट केला. चमचा उभा राहील असा. ही एका दमात पिते. धीट आहे.

२ मे

सात.

मला बाईंच्या खोलीत उभं राहवेना. बाई म्हणाल्या, "हे शक्य नाही. गोळ्या घेताय ना? कशाबरोबर?" ही खाली बघत म्हणाली, "पाण्याबरोबर." मला काय झालं कोण जाणे. इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. म्हटलं, "बाई, नुसत्या पाण्याबरोबर नाही. मी स्वतः मुरवून देतो." आणि सगळं सांगितलं. साल, मायफळ, काळा रंग, पक्का बसणं. अगदी रंगात येऊन सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, तुमच्या काढ्यानं चुळा भरल्या तर चांगलंच आहे. पण त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. सोडत नाही. गोळीतलं लोह अंगात जातच नाही, बाहेर पडतं. जेवणातलंही जात नसणार." आणि मग हिच्याकडे वळून, "आता उतरलं तर रक्त चढवावं लागेल. आणि हे असं वाहत राहिलं तर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल. कळतंय ना?"

रिक्षात मी तावातावानं बोलत होतो. पुस्तकं वाचून कातडं कळत नाही, यांना काय माहीत पक्का रंग कशाला म्हणतात. ही बाहेर रस्त्याकडे बघत होती. आज गुणगुणत नव्हती.

३ मे

काल झोप लागली नाही. आज सकाळी ही झोपलेली असताना मी काढा केला, गोळी टाकली. काळा झाला. म्हटलं, आता बघू या सोडतो की नाही. पोटात आंबट असतं, एवढं मला माहीत आहे. लिंबू पिळलं. आणि अहाहा! काळा फिका पडला, बघता बघता तपकिरी झाला. सोडलं! मी टेबलावर हात आपटला. बाई हरल्या! हिला उठवून सांगणार होतो.

मग आठवलं. बाई काल हेही म्हणाल्या होत्या, की पोटातून पुढं आतड्यात गेलं की आंबटपणा मारला जातो आणि लोह तिथं शोषलं जातं. मी उभाच राहिलो. बराच वेळ हात पुढं होईना. शेवटी सोड्याची चिमूट टाकली. फसफसलं, वर फेस आला, आणि फेस खाली बसला तेव्हा कप पुन्हा काळाभोर.

नव्या कामगारांना मीच शिकवायचो, की एकदा सालीनं लोखंड धरलं की बापाला सोडत नाही. हसायची पोरं. तोच मी. रोज सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हातानं, चमच्यानं ढवळून, गार करून, घे म्हणून हातात दिलं. दुसरं कुणी दिलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

कप मोरीत ओतला. मोरी काळी झाली. घासत बसलो.

३ मे, संध्याकाळ

सांगितलं हिला. कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून एका दमात सांगून टाकलं. लिंबू, सोडा, सगळं. म्हटलं, "मी तुझं रक्त प्यायलो गं. माझ्याच हातानं."

ही म्हणाली, "मला माहीत होतं."

मला वाटलं समजूत घालतेय. म्हटलं, "काय माहीत होतं?"

"मेडिकलवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोळी पाण्याबरोबर घ्या, चहा नको, काढाबिढा तर मुळीच नको. लोह अंगी लागत नाही म्हणाला."

"मग?"

"मग काय? तुम्ही आपणहून कप घेऊन आलात."

ती चादरीची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. म्हणाली, "रक्त वाढलं असतं तर टेबलावर घेतलं असतं ना त्यांनी. ताई गेली तेव्हाही हसत गेली होती. मला म्हणाली, येते दुपारपर्यंत, चहा टाकून ठेव. भूल दिली ती दिली, पुन्हा उठलीच नाही. मी चहा टाकला होता हो."

आणि मग रडायला लागली. अशी रडताना मी हिला कधी बघितली नव्हती, ताईच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा सगळी धावपळ मी करत होतो. गाडी मीच ठरवली होती, कागदांवर सह्या मीच केल्या होत्या. मला वाटायचं, त्या दिवसातलं सगळं मला माहीत आहे.

मला आधी राग आला. खरं ते लिहितो. हिचा माझ्या काढ्यावर विश्वास आहे म्हणून मी कॉलर ताठ करून फिरत होतो आणि हिला तो लपायला हवा होता! मग राग गेला आणि एकेक आठवायला लागलं. जिन्यात बसायची, दम लागायचा, ओठ पांढरे, आणि तरी "काढा झाला का?" म्हणून विचारायची. मरणाला इतकी घाबरली होती की हळूहळू मरायला तयार झाली. आणि मी शेजारी उभा राहून ढवळत होतो. भीती वाटते का, एवढं एकदा विचारायला माझं काय जात होतं? हौदातल्या प्रत्येक कातड्याला मी हात लावून बघायचो.

११ मे

गोळी पाण्याबरोबर. मी समोर बसतो. पोट बिघडतं, बाईंनी गोळी बदलून दिली. चहासुद्धा दोन तास पुढं-मागं. मागच्या खोलीतली पोती न्हाव्याच्या माळ्यावर नेऊन टाकली. बाटल्या विकतो, पण प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहितो: फक्त चुळा भरा, गिळू नका. न्हावी म्हणाला, "इतकं मोठं कशाला?" म्हटलं, आंधळ्यालाही दिसावं म्हणून.

भूल देणाऱ्या बाईंची भेट घालून द्या, असं मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. जरा नवल वाटलं त्यांना, पण हो म्हणाल्या.

२३ मे

भूल देणाऱ्या बाई अगदीच तरुण निघाल्या. ही त्यांना विचारत होती आणि मी ऐकत होतो. झोप लागते म्हणजे कशी? मध्येच जाग आली तर? कुणी उठवायला विसरलं तर? असले प्रश्न हिनं इतके दिवस कुठं ठेवले होते? बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. ताईचंही सांगितलं हिनं. बाई म्हणाल्या, "त्यांचं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. धोका शून्य आहे असंही म्हणणार नाही. पण मी शेवटपर्यंत तुमच्या डोक्याशी बसलेली असेन. तेच माझं काम." बाहेर आल्यावर ही म्हणाली, "पोरगी खोटं बोलत नाही."

६ जून

नऊ. मी उडी मारायच्या बेतात होतो, पण हिचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. रक्त वाढतं तशी हिची भीती वाढते. बर्फ चावणं थांबलंय, गाल भरलेत, जिना न थांबता चढते आणि वर पोचली की माझ्यावर खेकसते. भाजीत मीठ जास्त, दार का उघडं, रेडिओ का मोठा. खेकस बाई.

२७ जून

साडेदहा. तारीख मिळाली.

२ जुलै

उद्या सकाळी जायचं. बॅग भरून ठेवली आहे. मेहुणा येऊन गेला, या वेळी शहाण्यासारखा काही न बोलता बसला.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरात आली. स्टूल ओढून बसली. म्हणाली, "अहो, थोडा काढा करता का?"

मला वाटलं थट्टा करतेय. हसलो. ती हसली नाही.

"एका कपानं आता काही होत नसतं," मी म्हटलं.

"मग करा की."

"नाही."

इतक्या वर्षांत मी हिला ढीगभर वेळा नाही म्हटलंय, पाय आपटून, आवाज चढवून. असं कधी नव्हतं म्हटलं.

"नाही करणार. मला तू हवी आहेस."

असलं काही आपल्या तोंडून निघेल असं मला वाटलं नव्हतं. कान तापले. ती खाली बघतच म्हणाली, "आत याल माझ्याबरोबर?"

"आत सोडत नाहीत."

"मग दारापाशी?"

"दारापाशी."

"मी शुद्धीवर येईन तेव्हा?"

"तिथंच असेन."

"इकडं तिकडं जाल. तुमचा काय भरवसा?"

"नाहीच आहे," मी म्हटलं. "पण उद्याचा ठेव."

तिनं माझा हात धरला. सालीनं काळवंडलेली बोटं, जन्मभर धुतली तरी तशीच. मग बराच वेळ आम्ही दोघंही घाबरत बसलो. एकत्र घाबरायचं हे पहिल्यांदाच.

त्या दारापाशी बसायला बाक आहे की नाही, बघायचं राहून गेलं. नसला तर उभा राहीन.